भिंतीपलीकडची वाट

चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या मालकाने मला फसवले. जाहिरातीत लिहिले होते, ‘डोंगरवाट पाच मिनिटांवर’. डोंगरावरच्या एका शहरात आम्ही दोघे फक्त चालायला गेलो होतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बायकोला पहिल्यांदाच चढ चढून पाहायचा होता. मी उभा जन्म घासाघीस करून वर आलेला माणूस. गिझरपासून गाद्यांपर्यंत सगळे विचारून घेतले होते.

सकाळी माडीची खिडकी उघडली, तर खाली आवाराची नवीकोरी भिंत. मालकाला फोन लावला.

“वाट आहे ना साहेब, भिंतीच्या पलीकडं!”

“गिझर विचारलात,” बायको म्हणाली, “भिंत तेवढी राहिली.”

तेवढ्यात पलीकडून गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई आली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली.

“मावशी, वाट कुठून आहे?” मी खिडकीतूनच विचारले.

“तुमी उभं हायसा तितनंच जात हुती. आता घरी जायला डोंगराला वळसा.”

“आम्ही चार दिवसांचे पाहुणे.”

“मग तुमास्नी काय!” म्हणाली आणि वळली.

वस्तूचा भाव पाडताना ती कुणाच्या अंगणातून उचलली आहे, हे मी कधी विचारले नव्हते. आम्हाला डोंगराजवळ राहायची हौस, आणि त्या हौसेपायी डोंगरातल्या माणसाचेच घर लांब जाते. माझा संताप घरी पोचेपर्यंत उतरेलही. ती मात्र रोज भारा घेऊन तो वळसा घालणार.

मला भाडे परत नको. मालकाने त्या बाईसमोर उभे राहून सांगावे, तिची वाट बुजवताना त्याने कुणाला विचारले होते?