शिस्तीचं पत्र

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं: येशूच्या आठवणीत प्रत्येकाला ब्रेडचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. गेली अठरा वर्षं त्याची तयारी माझ्याकडे आहे. काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, पातळ कापडातून गाळायचे. ब्रेडच्या कडा काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. मी शिक्षक, नोकरी अकोल्यात, घर जठारपेठेत, पण नाव अजून अमरावतीच्या मंडळीत. त्यामुळे डबा आणि बाटली पिशवीत घालून मी एसटीने अमरावतीला येतो. इतका नेमाचा माणूस दुसरा नाही, असं लोक म्हणतात. ते ऐकायला मला आवडायचं, हेही सांगून टाकतो.

एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने अमरावतीबाहेर फुलं-भाजी पिकवणाऱ्या एका हिंदू घरात लग्न केलं, रजिस्टर पद्धतीने. तिने धर्म सोडला नाही, त्याने घेतला नाही. मी तेव्हा पंच कमिटीचा सचिव होतो. आमच्या नियमात हे विजोड लग्न, आणि ते करणारा मंडळीच्या शिस्तीखाली जातो. त्याने उपासनेला यावं, गीतं गावीत, प्रार्थना करावी, पण प्रभुभोजनाचं ताट त्याच्यापुढे थांबत नाही. पश्चात्ताप लिहून देईपर्यंत नाही. मंडळीचे तेव्हाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हातारे होते. म्हणाले, "राहू दे रे. येऊन बसते, हेच काय कमी आहे?" मी म्हणालो, सचिवाच्या बहिणीला सूट दिली तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? पत्र मी लिहिलं. मंडळीसमोर, माइकवर, मीच वाचलं. आवाज जराही कापला नाही.

तरी ती येत राहिली. शेवटच्या बाकावर बसायची. आई माझ्या शेजारची जागा सोडून तिच्याजवळ जाऊन बसू लागली. ताट आलं की आई काही न घेता ते पुढच्या माणसाकडे द्यायची. आईला स्वतःला कोणी मनाई केली नव्हती. ती भांडली नाही, मला एक शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षी तयारीचं काम माझ्याकडे आलं, ताट घेऊन बाकांमधून फिरणंही आलं. म्हणजे दर महिन्याला मी स्वतःच्या आईपुढे ताट धरायचो आणि तिच्या हातांकडे बघायचो.

नाताळला वेदीपुढची फुलं बहिणीच्या मळ्यातून यायची. कोणी मागितली नव्हती, तिचा नवरा आपणहून आणायचा. एकदा शेवंतीची टोपली माझ्या हातात देताना म्हणाला, "साळेबुवा, तुमचा देव मोठा मजेदार हाये. आमची फुलं ठेवून घेते अन् बायको माघारी धाडते." तो हसला. मीही हसलो.

यंदा पावसाळा सरताना आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून ती माझ्याकडे अकोल्याला आली नाही, बहिणीकडे गेली. आत्ताचे पाळक तरुण आहेत. आजींना घरीच प्रभुभोजन देऊ म्हणाले. डबा-बाटली घेऊन मी त्यांच्यासोबत गेलो.

आई उशीला टेकून बसली होती. बहीण तिच्या पायाशी. पाळकांनी प्रार्थना केली, तुकडा आईपुढे धरला.

"पयले तिले," आई म्हणाली.

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, पत्र तुमचं आहे. कमिटीत आता बाकी कोणाचं काही म्हणणं नाही. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता देतो."

एक अक्षर म्हणायचं होतं. मी म्हणालो, "रीतसर कमिटीपुढे यायला हवं. तिने पश्चात्ताप लिहून द्यायला हवा."

"कायचा पश्चात्ताप?" बहीण म्हणाली. "लग्नाचा? पोरगी कॉलेजात जाते माही. तिले सांगू का, तू चुकून झाली म्हणून?"

आईने तोंड मिटून घेतलं. पाळकांनी तुकडा परत ठेवला.

मी उठून मागच्या अंगणात गेलो. तिथे बाजारासाठी मेथी निवडून ठेवली होती. बहीण मागून आली, खाली बसली आणि जुड्या बांधू लागली. बांधता बांधता म्हणाली, "दादा, तू काऊन असा रे?"

ती रागावली असती तर मी पुन्हा नियम सांगितला असता. तिने नुसतं विचारलं.

मग मी तिला धामणगावचं सांगितलं. तिच्या लग्नाच्या आधी तीन वर्षं मी धामणगाव रेल्वेच्या शाळेत होतो. तिथे एक बाई शिकवायच्या, हिंदू शेतकरी घरच्या. आमचं जमलं होतं. एकदा शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सरळ विचारलं, घरी बोलू का? मी उत्तर दिलं नाही. बदलीचा अर्ज केला. देवाची आज्ञा पाळली असं स्वतःला सांगितलं, आणि पाळल्याबद्दल काहीतरी मिळेल म्हणून वाट बघत राहिलो. पुढे मंडळीतलंच स्थळ आलं, लग्न झालं. माझी बायको चांगली आहे. हे तिच्याबद्दल नाही. आणि मग तू आलीस, नियम मोडून, हातात हिरवा चुडा घालून, हसत. मी पाळून कोरडा राहिलो, तू मोडून भरल्यासारखी दिसत होतीस. ते मला सहन झालं नाही. पत्र मी नियमासाठी लिहिलं नाही.

तिने आणखी दोन जुड्या बांधल्या.

"मंग त्या बाईले उत्तर तं देयाचं," ती म्हणाली. "नाही तरी म्हनाचं." आणि जुडी बाजूला ठेवत, "अन् हे मले मेथीपाशी काऊन सांगून राहिला? पत्र तं माइकवर वाचलं होतं."

मी आत गेलो आणि पाळकांना म्हणालो, पत्र मागे घेतो. त्यांनी आधी बहिणीला दिलं, मग आईला. आईने एवढासा तुकडा खूप वेळ चावला, रस प्याली, ओठ पुसले.

"मनुके जरा जास्तच उकळले तू," ती म्हणाली.

अठरा वर्षांत तिने माझ्या हातचं चाखलंच नव्हतं.

मग पाळकांनी ताट माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, "आधी मंडळीसमोर सांगतो. मग घेतो."

"पाहा," बहीण आईला म्हणाली, "अजून कायदाच सांगून राहिला."

"सर," पाळक म्हणाले, "सांगितल्यावर मिळणारी गोष्ट नाही ही. ही आधी मिळते."

हे मला शिकवायची गरज नव्हती. कृपा कर्मांनी मिळत नाही, हे मी रविवारच्या शाळेत कित्येक पोरांकडून पाठ करून घेतलं आहे. पण ज्याने जन्मभर नियमाला धरूनच स्वतःला उभं ठेवलं, त्याने हात मोकळे करून पुढे कसे करायचे? माझा पश्चात्तापसुद्धा पाळण्याचाच एक प्रकार निघाला. हात मांडीवरून उचलला गेला नाही. पाळकांनी ताट झाकलं.

कमिटीची बैठक झाली. पत्र रद्द करायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी एक कागद लिहून नेला होता, धामणगावसकट. कोणी कारणच विचारलं नाही. "बरं झालं," एक जण म्हणाले, आणि पुढचा विषय छताच्या गळतीचा निघाला. कोणी अडवलं असतं तर मी बोललो असतो. दार असं सताड उघडं असल्यावर काय म्हणून ढकलायचं ते मला कळेना. कागद तसाच घरी आला.

त्याला चार महिने झाले. मंडळीला मी अजून सांगितलेलं नाही. ताट सगळ्यांपुढे फिरवतो, स्वतः घेत नाही. वाटणारा सगळ्यांत शेवटी घेतो असा आमचा रिवाज, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

आईच्या येतं. ती आता काठी धरून चालते, रिक्षाने उपासनेला येते. परवा फाटकाशी थांबून म्हणाली, "आजबी नाही घेतलं तू."

"पुढच्या महिन्यात घेतो," मी म्हणालो.

"घेजो," ती म्हणाली. "तवा मी हाये का नाही, कोनाले माईत."