दोन बोटं वर

टेलरताईंना आजाराचा आला नव्हता तेवढा माणसांचा राग आला होता. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर त्या दोन महिने गप्प बसल्या. त्याचा राग स्वतःवर. तपासणीत गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "लवकर कळलंय, पिशवी काढून टाकू. सोमवारी भरती व्हा."

"मशीनवर परत कधी बसता येईल?"

"ते नंतर बघू," म्हणत डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता बघा, बाईने एवढंच तर विचारलं होतं. बावीस वर्षं पायाने मशीन चालवणारी बाई ती. मशीन सुटलं तर दिवसभर करायचं काय, हे विचारायचं कुणाला?

नवरा भला माणूस, पण त्याने तोंडात मिठाची गुळणी धरलेली. विषय निघाला की स्टुलावर चढून बल्ब तपासायचा. घरातले सगळे बल्ब ठणठणीत होते. जाऊबाई रोज येऊन रडायच्या आणि ताईंनाच उठून त्यांना पाणी द्यावं लागायचं. गिऱ्हाइकांनी तर कहर केला. "तुम्ही आराम करा हो," असं म्हणत एकेकीने आपलं कापड परत नेलं. गुरुवारपर्यंत फळीवर एकच गठ्ठा उरला.

तो मास्तरीणबाईंचा. शाळेतून निवृत्त झाल्या तरी चुका काढणं सुटलं नव्हतं. सात वर्षं प्रत्येक पायजम्याला तेच: कमरपट्टी दोन बोटं वर, इलॅस्टिक मऊ, पुढे जाड शिवण नको. ताईंनी वैतागून मापाच्या वहीत त्यांच्या पानावर 'किरकिर' असं लिहून ठेवलं होतं.

शुक्रवारी त्या आल्या. ताईंनी मान वर न करता सांगितलं, "तुमचं कापड घेऊन जा. मला गर्भाशयाचा कॅन्सर झालाय. सोमवारी ऑपरेशन आहे."

मास्तरीणबाई समोर टेकल्या. "मलाही तोच झाला होता. सात वर्षं झाली." त्यांनी पोटावर आडवी दोन बोटं ठेवली. "टाक्यांचा वण इथे आहे. पट्टी घासली की जीव नकोसा होतो."

ताईंना आधी लाज वाटली, मग संताप आला. "सात वर्षांत सांगायला काय झालं होतं? मनातल्या मनात किती शिव्या घातल्या मी तुम्हाला."

"कपाळाला आठ्या घालून टेप लावायचात, सांगू कशी? आणि खरं म्हणजे घरीसुद्धा बोलवत नव्हतं."

"मशीनवर कधी बसता येईल?"

"माझं म्हणाल तर दोन महिने जड कामाला हात लावू दिला नाही. मग हळूहळू सगळं जमलं. तुमचं डॉक्टरच सांगतील. सोमवारी मी बरोबर येते. उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडायची नाही." दारातून त्या वळल्या. "कापड राहू दे. तीन महिन्यांनी घालून बघायला येईन. आणि या वेळी शिवण सरळ येऊ दे."

ताईंनी वहीतलं 'किरकिर' खोडलं. सरळ शिवणीचं ऐकून मात्र पुन्हा लिहावंसं वाटलं.

आतल्या खोलीत नवरा स्टुलावर होता.

"उतरा खाली," ताई म्हणाल्या. "हा टेप धरा. दवाखान्यातून घरी येताना घालायला पायजमा शिवायचाय. ऑपरेशनचे टाके पडणार आहेत, तिथे घासायला नको."

तो उतरला. त्याने टेप उलटा धरला, ताईंनी सुलटा करून दिला. मग त्याने दोन बोटं त्यांच्या पोटावर ठेवली.

"इथे?" त्याने विचारलं.

आजार कळल्यापासून त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.