टर्मिनलच्या पासवरचं नाव

इतर केसेस सांगायला लागलो की घरचे उठून जातात. ही घटना आठवली की मीच उठतो.

तेव्हा मी दौंड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात होतो. एका मोठ्या शहराच्या विमानतळाचं नवं टर्मिनल उभं राहत होतं. तिथलं पहिलं टर्मिनल मी पाहिलेलं, आमच्या एसटी स्टँडएवढं. पुढं त्याला जोडून दुसरं झालं, तेही अपुरं पडलं, म्हणून हे तिसरं. आमच्या भागातले बरेच जण तिथं वेल्डिंगला. आत जायला पास लागे आणि पासासाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी.

एका सकाळी तिथल्या पोलिसांचा निरोप आला: खुटबावचा कामगार छतावरून पडून मयत, नातेवाइकांना कळवा. वाटेत मी सांत्वनाची वाक्यं जुळवली. दारात एका माणसानं पाणी दिलं. मी प्यायलो, नाव विचारलं, तर मयताचंच!

"साहेब, मी तर जित्ता हाय."

"ते दिसतंय. पास कुठाय?"

"हरवला."

ठाण्यात आणून तासभर विचारलं. मी आवाज चढवला, हवालदारानं चहा पाजला; दोन्ही वाया. त्याचा मोबाइल मात्र सारखा वाजत होता. पडद्यावर 'आक्का'. तो बघायचा आणि पालथा घालायचा. पोलिसाला घाबरलेला माणूस बहिणीचा फोन आधी उचलतो. हा बहिणीलाच घाबरत होता.

"उचल," मी म्हणालो.

तो ढसाढसा रडला. "दाजी गेलं, साहेब. सकाळीच दोस्तानं कळवलं. आक्काला कसं सांगू?"

शिरूरच्या दाजींवर बांधावरच्या मारामारीची केस होती. पास मिळणारच नाही म्हणून त्यांनी अर्जच केला नाही. मेहुण्याचा पास घेऊन, मेहुण्याच्या नावानं कामावर जात. हेल्मेटखालचा चेहरा गेटवर कोण बघतो?

त्याला घेऊन शिरूरला गेलो. बहिणीनं दार उघडलं. "तारीख फुडल्या महिन्यात हाय ना, साहेब? ह्ये कामावर गेल्यात." मग तिला माझ्यामागं उभा भाऊ दिसला.

शवागारात ओळख पटल्यावर तिनं पंचनामा मागून घेतला. "ह्यात माझ्या भावाचं नाव हाय. ह्यांचं कुठं लिवलंय?"

तपास झटपट लागला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. खरं सांगायचं तर, केस साधी होती. अर्ज केला असता तर पास कदाचित मिळालाही असता. पण 'एकदा केस पडली की कुठं काम मिळणार नाही' असा दम भांडणं मिटवायला आम्हीच देतो. मी स्वतः कितीजणांना दिलाय. लोक पोलिसांचं ऐकत नाहीत, ही माझी जन्माची तक्रार.

शिरूरच्या त्या माणसानं ऐकलं होतं.