निकेशच्या ट्रकचं गळतं ऑइल

दसरू वैनगंगेकाठच्या मासेमारांच्या घरातला. मार्कंड्याच्या जत्रेत बंद पडलेला एक ट्रक दुरुस्त होताना त्याने दिवसभर उभं राहून पाहिलं आणि जाळं सोडलं. पुढे धानोऱ्याच्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये त्याने गॅरेज टाकलं. बायको भागीरथा शेजारीच चहा विकायची. गॅरेजच्या कामाला त्याने तिला कधी बोलावलं नव्हतं.

पन्नाशीनंतर त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. नट-बोल्ट तो बोटांनी ओळखायचा, त्यावर बरीच कामं भागायची.

धान वाहणाऱ्या निकेशच्या जुन्या ट्रकला मात्र ते पुरलं नाही. पावसाळाभर मोहाच्या झाडाखाली उभा असलेला ट्रक निकेशने धान भरायला काढला, तर इंजिनाच्या मागून ऑइल गळायला लागलं. दसरूने टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बदलून दिलं. आठवड्यात ट्रक परत दारात.

"दसरूभाऊ, पुन्हा गळून राह्यलं. दुसरा मिस्त्री म्हणते, खालचं क्रँकचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा लागते."

दसरू ट्रकखाली शिरला. सगळं ओलं, चिकट. ऑइल नेमकं कुठून येतं हे बोटांना कळेना. बराच वेळ तो तसाच पडून राहिला. मग बाहेर येऊन त्याने भागीरथेला हाक मारली.

"इथी ये वं. मले दिसत नाई."

"कवापासून?"

"झाले दोनक वर्सं."

ती शेगडी बंद करून आली.

दसरूने इंजिन डिझेलने धुऊन कोरडं पुसलं. त्यावर भागीरथेने तोंडाला लावायची पावडर भुरभुरली. निकेशने ट्रक सुरू केला. बॉनेट उघडंच होतं. ती बंपरवर चढून बघत राहिली.

"खालून नाई येत," ती म्हणाली. "वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून येते. तिथची पावडर भिजली."

म्हणजे सील शाबूत होतं. पण पॅकिंग तर नवं होतं. दसरूने ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर तळहात धरला. आतली वाफ हाताला जोराने ढकलत होती. ही वाफ बाहेर सोडणारी नळी तुंबली, की ती मिळेल त्या फटीतून ऑइल घेऊन निघते.

त्याने निकेशला इंजिन बंद करायला सांगितलं. मग भागीरथेला म्हणाला, "बाजूनं एक नळी खाली लटकते. तिचं तोंड पाह्य."

भागीरथा वाकली. "मातीनं लिंपलं हाय. कुंभारीण माशीनं घर केलं."

दसरूने तारेने माती काढली, नळी डिझेलने धुतली, वाफेच्या दाबाने फाटलेलं पॅकिंग बदललं. निकेश भरल्या ट्रकने घाट चढून आला. इंजिनावरची नवी पावडर कोरडी होती.

"बाई, पयलेच काऊन नाई पायलं तुमी?" त्याने विचारलं.

"कोनी सांगतलं नाई."

पुढच्या महिन्यात तिने दसरूला चंद्रपूरला नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशन करवून घेतलं. आता त्याला दिसतं. तरी गळतीचं काम आलं की तो तिला बोलावतो. कधी दोघांचं मत जुळत नाही. मग इंजिन पुन्हा धुतात.