आप्पांसाठी न अडकणारा कॉम्प्युटर

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फिटचा झटका आला तेव्हा ट्रक उभा होता, हे आमच्या घरात नशीब म्हणून सांगितलं जायचं. सांगोल्याची डाळिंबं घेऊन ते पुण्याकडे निघाले होते. टेंभुर्णीच्या अलीकडे एका ढाब्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, चहा सांगितला, आणि कप हातात येताच ते बाकावरून खाली कोसळले. ढाब्यावरच्या लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं. मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवून माल पुढे काढला. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, फिटच्या गोळ्या सुरू केल्या आणि स्पष्ट सांगितलं, यापुढे गाडी चालवायची नाही. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस त्या दिवसापासून घरी बसला.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात नक्षीकाम करते. म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं आणि ते मागावर नीट उतरतंय का बघायचं. घरी माझा कॉलेजच्या वेळचा जुना कॉम्प्युटर होता. सुट्टीच्या दिवशी मी त्यावर गेम खेळायचे. सत्ताविसाव्या वर्षी मुलगी गेम खेळते, हे आईला कधीच पटलं नाही.

आप्पा दिवसभर पायरीवर बसून असायचे. गल्लीतून टेम्पो गेला की त्याचा गिअर चुकीचा पडला का, एवढंच बोलायचे. एका रविवारी मी त्यांना ट्रक चालवायचा गेम लावून दिला. आधी ते हसले. मग खुर्ची पुढे ओढली. पंधरा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "ह्याला आरसा कुटं हाय?" मी आरसा दाखवला, आणि मग ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. पुढे मी कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या भावाकडून वापरलेलं स्टेअरिंग आणि पायाखालचे पेडल आणले.

अडचण कॉम्प्युटरची होती. तो अडकायचा. ट्रक गावात शिरला की चित्र अर्धा सेकंद थिजायचं आणि एकदम ट्रक पुढे गेलेला दिसायचा. आप्पा लगेच ब्रेक दाबायचे आणि माझ्याकडे वळायचे.

"आत्ता अडकलं, ते तुला बी दिसलं का?"

"दिसलं की."

"नक्की?"

"नक्की, आप्पा. जुनं झालंय मशीन."

मला वाटायचं, ते वैतागलेत. एकदा मी फोनमध्ये बघत होते. त्यांनी विचारल्यावर मी सहज म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं." आप्पांनी स्टेअरिंगवरून हात काढले, गेम तसाच चालू ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसले, आणि चार दिवस कॉम्प्युटरजवळ फिरकले नाहीत. मी ठरवलं, मशीन बदलायचं.

ठरवणं सोपं होतं. निवडणं मात्र माझ्या जिवावर आलं. मी मुळातच काळजी करणारी. गॅस बंद केला का, हे मी तीनदा बघते. त्यात कॉम्प्युटरचं असं की, एक भाग बदलायला जावं तर दुसरा आडवा येतो. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. नवा मदरबोर्ड घ्यावा तर जुनी रॅम चालत नाही. ग्राफिक्स कार्ड मोठं घ्यावं तर त्याला पुरेल एवढा पॉवर सप्लाय नाही, आणि ते कॅबिनेटमध्ये मावेल की नाही याचीही खात्री नाही. मी आईच्या शिवणाच्या टेपने कॅबिनेट आतून मोजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, कारण टेप वाकडी धरली होती असं मला कारखान्यात बसल्या बसल्या वाटायला लागलं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा समोर ठेवून व्हिडिओ बघायचे. एक जण सांगायचा, हाच प्रोसेसर घ्या. दुसरा म्हणायचा, तो घेतला तर पस्तावाल. शिवाय ते सगळे कुठल्या तरी गार खोलीत बसलेले. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, पत्र्याच्या घरात, जिथे शेजारच्या मागांचा कापसाचा भुसा पंख्यांत जाऊन बसतो, तिथे त्या मशीनचं काय होईल, हे कोणी सांगत नव्हतं. त्या विचारात मी एकदा चादरीच्या काठाची नक्षी उलटी पाठवली. सुपरवायझरच्या वेळीच लक्षात आलं, नाहीतर अख्खा लॉट वाया गेला असता.

शेवटी यादी घेऊन नवी पेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदार साठीचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी यादी वाचली आणि चष्मा कपाळावर नेला.

"इत्ता बडा कार्ड कायकू? खेलता कौन?"

"माझे वडील."

"क्या खेलते?"

"ट्रक चालवतात."

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "ट्रक के वास्ते इत्ता बडा कार्ड नक्को, बेटी. प्रोसेसर अच्छा लो. रॅम लो. और ये पुरानी हार्डडिस्क फेको."

मला ते पटलं नाही. माझ्या मनात आलं, मोठं कार्ड यांच्याकडे शिल्लक नसेल, म्हणून असं सांगतायत. मग वाटलं, खरंही असेल. मी काहीच न घेता परत आले. रिक्षात बसल्यावर आपण एका सभ्य माणसावर संशय घेतला म्हणून आणखीच अस्वस्थ झाले.

घरी आप्पा पायरीवर होते. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "आप्पा, तुम्हाला नेमकं कसं पाहिजे? चित्र एकदम खऱ्यासारखं दिसायला पाहिजे का?"

"चित्र कसं बी आसू दे," ते म्हणाले. "मधला तुकडा जाऊ नये, बास."

"कसला तुकडा?"

त्यांनी आत बघितलं. आई मागच्या बाजूला कपडे धूत होती. मग ते हळू आवाजात बोलले, माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी मी चहासाठी थांबलो न्हवतो. पंढरपूर सोडलं ते ध्यानात हाय. म्होरं उसाची ट्रॉली चाललीवती, ती बी ध्यानात हाय. आनि मग एकदम ती ट्रॉली मला आरशात दिसली. मागं. मी तिला कवा वलांडली, ते मला ठावं न्हाय. समोरनं कोन येत व्हतं का, ते बी ठावं न्हाय. म्हनून ढाबा दिसल्यावर गाडी बाजूला घेतली."

मी आणखी जवळ सरकले.

"डॉक्टरला सांगितलं न्हाय. कुनालाच न्हाय," ते म्हणाले. "आता तुझ्या मशीनवर बसतो आन् बघतो, माझं ध्यान कुटं तुटतंय का. तर ते मशीनच अडकतंय. मला कळंना, त्ये अडकलं का मी."

म्हणजे इतके दिवस ते वैतागत नव्हते. घाबरत होते. आणि मी फोनमध्ये बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. आप्पांनी स्वतः सगळं सांगितलं. डॉक्टरांनी रागावून नव्हे, पण गंभीरपणे ऐकलं. असा मधला तुकडा जाणं हाही झटक्याचाच प्रकार असतो, म्हणाले, आणि गोळीचं प्रमाण वाढवलं. मी भीतभीत गेमचं विचारलं. स्क्रीनच्या लखलखाटाने काही होणार नाही ना? त्यांनी जुना अहवाल काढला. आलेख काढताना डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून बघितलं होतं, त्यात काही आढळलं नव्हतं. तरी खोलीत भरपूर उजेड ठेवा, अर्ध्या तासाने उठा, झोप झाली नसेल त्या दिवशी बसूच नका, असं त्यांनी सांगितलं.

घरी आईने विचारलं, गोळी का वाढवली? मला वाटलं, आप्पा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. पण त्यांनी तिलाही ट्रॉलीची गोष्ट सांगितली. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती तशीच बसून राहिली. मग भाकरी उलटून ती मला म्हणाली, "ते मशीन घ्यायचं तर चांगलंच घे. हलकंसलकं आणू नकोस."

आता माझी भीती बदलली होती. आधी भीती होती, चुकीची वस्तू घेतली जाईल याची. आता ती वस्तू चुकली तर काय होईल, याची होती. जुन्या मशीनवर अडकलं तर "जुनं झालंय" म्हणता येत होतं. नव्या कोऱ्या मशीनवर अडकलं तर आप्पा कोणाला दोष देणार? स्वतःच्या डोक्यालाच.

मी यादी फाडली आणि नवीन केली. कार्ड मध्यम. प्रोसेसर त्याच्यापेक्षा एक पायरी चांगला, कारण अशा गेममध्ये रस्ता, गाड्या, सिग्नल हे सगळं त्यालाच सांभाळावं लागतं. रॅमच्या दोन पट्ट्या. जुन्या हार्डडिस्कऐवजी तिच्याहून कितीतरी वेगवान एसएसडी, म्हणजे गाव आलं की पुढचा रस्ता शोधायला मशीन थांबणार नाही. कॅबिनेट समोरून जाळीचं, आणि जाळी काढून धुता येईल असं. ही यादी बघून चाचा म्हणाले, "मैं येच तो बोला था." मी मान खाली घालून "हो" म्हणाले. आमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं म्हणून त्यांनी एक चांगला पॉवर सप्लाय सुचवला. या वेळी मी वाद घातला नाही.

जोडणी मी घरीच केली, रविवारी सकाळी. भुसा येऊ नये म्हणून खिडक्या बंद, आणि पंखाही बंद. घाम टपकून बोर्डवर पडेल म्हणून आई मागे पदर घेऊन उभी. आप्पा समोर खुर्चीत. प्रोसेसर तिरका बसतोय असं वाटून मी तो एकदा पुन्हा डबीत ठेवला, पाणी प्यायले आणि मग बसवला. अडीच तासांनी बटण दाबलं. पंखे फिरले. पडद्यावर मात्र काहीच नाही.

मी वायरी काढून पुन्हा लावल्या. काही नाही. कार्ड काढून पुन्हा बसवलं. काही नाही. वाटलं, प्रोसेसरची बारीक टोकं वाकवली असतील. बोर्ड जाळला असेल. आई म्हणाली, "दुकानात घेऊन जाऊ." रविवारी दुकान बंद होतं.

"ती लांब पट्टी बसवलीस न्हवं का," आप्पा म्हणाले, "दोन. दुसरीला टिक टिक, दोनदा वाजलं. पयलीला एकदाच."

मी बघितलं. रॅमची पहिली पट्टी एका टोकाला केसभर वर राहिली होती. मी अंगठ्याने दाबली. टिक. बटण दाबलं आणि पडदा उजळला. आईने पदराने माझ्या कपाळाचा घाम पुसला.

संध्याकाळी, उजेड होता तोवर, आप्पा बसले. मी पडद्याच्या कोपऱ्यात चित्र किती वेगाने पळतंय त्याचा आकडा लावून ठेवला होता. त्यांनी रस्ता बघायचा आणि मी तो आकडा. साठ. साठ. गावात शिरल्यावर एकावन्न झाला तेव्हा मी पुढे वाकले, पण चित्र तुटलं नाही. दहा मिनिटं झाली. आणि तेवढ्यात ते अडकलं. अगदी क्षणभर, पण अडकलं.

आप्पांनी ब्रेक दाबला. "दिसलं का?"

"दिसलं, आप्पा. खरंच दिसलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला कळलं, त्यांना माझं खरं वाटत नाहीये. मी आता त्यांच्या मनासाठी खोटं बोलेन, असंच त्यांना वाटतंय. आणि खरं सांगायचं तर, दिसलं नसतं तरी मी दिसलं म्हणाले असते.

मग मला एक सुचलं. नवं कार्ड गेम चालू असताना पडद्याचं चित्रण करू शकत होतं. मी ते सुरू केलं आणि म्हणाले, "आणखी एकदा चालवा." ते बसले. पुन्हा दहा मिनिटांनी तसंच अडकलं. मी चित्रण मागे नेऊन लावलं. आप्पा वाकून, नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ जाऊन बघत होते. ट्रक चालला होता, डावीकडे पंप आला, पंप गेला, आणि चित्र थिजलं. मग पुढे निघालं.

"परत लाव."

मी परत लावलं. चार वेळा लावलं.

"मशीनच हाय," ते म्हणाले.

"मशीनच आहे."

नंतर मी शोधलं. गेम दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह होत होता, तेवढ्यापुरता अडकत होता. मी ते बंद केलं. पण चित्रण मात्र आम्ही बंद केलं नाही. आप्पा अर्धा तास चालवतात, उठून अंगणात एक फेरी मारतात, आणि मग आईला सांगतात, कुठून निघालो, कोणता पूल लागला, कुणाला वाट दिली. एखादी जागा आठवली नाही तर चित्रण लावून बघतात. पहिल्या महिन्यात रोज बघायचे. आता आठवड्यातून एखाद वेळा.

झटका त्यानंतर आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, चांगलं चाललंय, गोळी चुकवू नका. गाडीची परवानगी नाहीच, आणि आप्पाही ती मागत नाहीत. माझी काळजी मात्र गेली नाही. मी स्वयंपाकघरात असते तेव्हा माझा एक कान बाहेरच्या खोलीत असतो. पेडलचा आवाज थांबला की माझे हात थांबतात. दर रविवारी मी जाळी धुते, पंख्यांवरचा भुसा ब्रशने काढते, आणि कॅबिनेटला हात लावून किती तापलंय ते बघते. परवा आप्पा म्हणाले, "किती वेळा बघशील? इंजन चांगलं हाय." मी हात काढला. ते चहा प्यायला आत गेल्यावर पुन्हा लावला.