चौथ्या पानावरची वेळ

माझं काम खोटी माणसं तयार करायचं. लखनौत गोमती नगरच्या ऑफिसात बसून मी नव्या सॉफ्टवेअरवर अशी हजारो माणसं एकदम सोडते आणि ते कुठे दमतं, कुठे कोसळतं हे बघते. त्याआधी टेस्ट प्लॅन लिहावा लागतो: किती माणसं येतील, काय करतील, एका पानावरून पुढच्या पानावर जाताना किती वेळ थांबतील. बऱ्याच जणांना प्लॅन म्हणजे नमनाला घडाभर तेल वाटतं. पण प्लॅनमध्येच माणूस चुकीचा लिहिला तर पुढची चाचणी कसली? यावरून मी ऑफिसात पुष्कळ भांडले आहे.

बाबा ज्या खात्यात इंजिनियर होते, त्याच खात्याचं पेन्शनचं पोर्टल आमच्याकडे आलं. नवरा गेल्यावर बायकोनं पेन्शनसाठी करायचा अर्ज त्यावर घरबसल्या भरता येणार होता. बाबा त्याच हिवाळ्यात गेले होते, आणि आईचा अर्ज तसाच पडून होता. कागदी अर्ज मी विकास नगरच्या घरी आणून ठेवला होता. "बघू पुढच्या महिन्यात," आई म्हणायची. मी भरते म्हटलं तर, "नको. त्यांचं शेवटचं काम आहे, माझ्या हातानं करीन." आणि करत तर नव्हती. मला तिची काळजी वाटायची आणि रागही यायचा.

जुन्या प्लॅनमध्ये दर पानाला काही सेकंदांचा थांबा लिहिलेला होता. माझा त्यावर विश्वास बसेना. परवानगी काढून मी पोर्टलची सरावाची प्रत घरी आणली आणि आईला व तिच्या तेलीबागच्या दोन मैत्रिणींना बसवलं. दोघींचे नवरे फौजेत होते आणि त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईनं आधी पोहे खायला लावले, मगच लॅपटॉप उघडू दिला.

"सरावच आहे, काहीही भरा," मी सांगितलं होतं. मैत्रिणींनी अक्षरं बारीक असल्याची तक्रार करत करत अर्ज संपवला. चौथ्या पानावर पतीच्या मृत्यूची तारीख विचारली होती. तिथे त्यांनी मनाला येईल ती टाकली. आई मात्र तिथेच थांबली.

"आई, खोटी टाकली तरी चालेल."

"खोटी कशी टाकू गं? आणि खरी..." एका मैत्रिणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळानं पडद्यावर वेळ संपल्याची सूचना आली आणि अर्ज आपोआप पहिल्या पानावर गेला. आईनं चष्मा काढला.

"यालाही घाई," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच."

मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिघींच्या वेळा प्लॅनला जोडल्या. आमचे साहेब लखनौचेच, मृदू बोलणारे. आईच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "मैडम, ये वाली हटा दीजिए. पूरा एवरेज बिगड़ रहा है." शितावरून भाताची परीक्षा करायची म्हणून कच्चं शीत आधीच वेचून फेकायचं, हा कुठला न्याय? पण हे त्यांना मराठीत सांगून काय उपयोग.

"सर, ये मेरी माँ हैं," मी म्हटलं.

त्यांनी बोट उचललं. "माफ कीजिएगा." मग म्हणाले, "लेकिन सबको इतनी देर रोके रखा और सर्वर बैठ गया, तो बाक़ियों की माँएँ कहाँ जाएँगी?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही. प्लॅनमध्ये चौथ्या पानासाठी वेगळी ओळ लिहिली आणि त्या पानावर नुसती बसून राहणारी, काहीच न करणारी खोटी माणसं तयार केली. पहिल्याच चाचणीत सर्वर खरंच बंद पडला. मग पोर्टल बांधणाऱ्यांनी भरलेली पानं लगेच साठवून ठेवायची सोय केली, म्हणजे थांबलेल्या माणसाचा सर्वरवर भार राहणार नव्हता आणि त्याचा अर्जही पहिल्या पानावर परत जाणार नव्हता. ते जमेपर्यंत मी पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. शेवटच्या मसुद्यात त्या ओळीपुढे लिहिलं: इथे माणसं थांबतात, त्यांना थांबू द्यावं. टेस्ट प्लॅनमध्ये असं कुणी लिहीत नाही. साहेबांनी वाचलं आणि न खोडता सही केली.

पोर्टल सुरू झालं. मी आईला अर्जाची आठवण करणं सोडून दिलं होतं. एका सकाळी तीच म्हणाली, "लाव ते तुझं." मी लॅपटॉप समोर ठेवला, तर म्हणाली, "तू जा. वरण टाक."

वरण शिजलं, कुकर निवला, फोडणीही देऊन झाली. बाहेरून काही आवाज नव्हता. दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत फिरले. शेवटी तिनं हाक मारली. पडद्यावर चौथं पान होतं आणि त्यावर बाबांची तारीख होती, खरी. आई पदरानं डोळे पुसत होती.

"थांबलं गं," ती म्हणाली. "या वेळी थांबलं ते माझ्यासाठी."