गल्लीच्या तोंडाशी दिलेला हॉर्न

मंडळी, आज मी आईशी खोटं बोललो आणि माझ्याच हाताने पकडला गेलो.

आठ वर्षांपूर्वी माझी लॉरी उलटली, पायात रॉड घालावा लागला. तेव्हा आईने माझ्याकडून शब्द घेतला, पुन्हा लॉरी चालवायची नाही. मी झेरॉक्सचं दुकान टाकलं. ते आता चालेना. म्हणून आज सकाळी तिला म्हटलं, "राइस मिलच्या ऑफिसात काम मिळालंय," आणि सरळ लॉरीवर गेलो.

ओरत्तनाडूहून भाताची पोती घेऊन तंजावूरला येत होतो. आधी जपून, हळूहळू चालवली. मग हात बसला आणि खरं सांगतो, मजा यायला लागली. त्या भरात राजवाड्याजवळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दिला. दोन छोटे, एक लांब. पूर्वी फेरीहून परतताना असाच द्यायचो, म्हणजे आई जेवणाचं पान मांडायला घ्यायची.

वाजवला आणि मग आठवलं, आई घरातच आहे.

संध्याकाळी आईने विचारलं, "ऑफिस कसं आहे रे?"

"बरं आहे."

"पंखा आहे ना?"

"आहे."

ती "बरं" म्हणाली आणि देवापाशी दिवा लावायला गेली.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर वाडगाभर चिंच भिजत घातलेली. लॉरीवर असताना प्रत्येक लांबच्या फेरीला ती चिंचेचा भात बांधून द्यायची, दोन दिवस टिकतो म्हणून. या आठ वर्षांत एकदाही केला नव्हता.

उद्या सकाळी तो डबा तिच्या हातून कोणत्या तोंडाने घेऊ, सांगा.